अकरब फुपी

माझी फुपी कुणाला लागेल असं बोलली की लगेच गप्प व्हायची आणि समोरच्याच्या तोंडाकडे बघत राहायची. भांडणारी माणसं बोलत सुटतात, आपण काय बोललो ते त्यांना दुसऱ्या दिवशी आठवतही नाही. फुपी एकच वाक्य बोलायची, तेही हळू आवाजात, आणि मग ते कुठे बसलं, किती आत गेलं, हे डोळे न हलवता तपासायची. पौडच्या बाजारात आमचं दुकान आहे. दोरखंड, ताडपत्री, बादल्या, खिळे, कुलपं, असलं सगळं. दुपारी अब्बा जेवायला घरी गेले की गल्ल्यावर फुपी बसायची, आणि त्या वेळात दुकानाकडे फिरकायचं नाही हे जुन्या गिऱ्हाइकांना ठाऊक होतं.

फुपी म्हणजे अब्बांची थोरली बहीण. खरं नाव मेहरुन्निसा, पण त्या नावाने तिला फक्त अब्बा हाक मारायचे. बाकी साऱ्या पौडात ती अकरब. मी आणि माझी मोठी बहीण सलमा, आम्ही तिला अकरब फुपी म्हणायचो. अकरब म्हणजे काय, हे आम्हाला पुष्कळ वर्षं माहीत नव्हतं. थोरली, मानाची, असं काहीतरी असेल असं मी धरून चालले होते. अकरब म्हणजे विंचू, हे मला शाळेतल्या एका मैत्रिणीने सांगितलं तेव्हा मी तिच्याशी भांडले होते.

नाव तिला शोभत होतं, हे मात्र खरं. मुठा खोऱ्यात नवा बंगला बांधलेल्या एक पुण्याच्या बाई दुकानात आल्या आणि विंचू घरात येऊ नये म्हणून काही औषध मिळेल का, असं विचारू लागल्या. फुपी म्हणाली, “त्यो हितलाच हाय. आलाय तुमी.” बाई हसल्या, फुपी हसली नाही, आणि बाईंचं हसू हळूहळू उतरत गेलं ते फुपीने शेवटपर्यंत पाहिलं. एका ईदला अम्मीने हौसेने स्वतः ड्रेस शिवला होता. पाहुण्यांच्या देखत फुपीने शिवणीवरून बोट फिरवलं आणि म्हणाली, “कापड चांगलं व्हतं.” तेवढंच. अम्मीने तो ड्रेस पुन्हा घातला नाही, नंतर त्याची उशीची खोळ झाली.

शेजारच्या शकुंतलाकाकूंच्या बाबतीत तिने जे केलं ते याहून वाईट. काकूंचा मुलगा बंगळुरूला नोकरीला गेला आणि तिकडचाच झाला. तो फोन करत नाही हे आळीत सगळ्यांना कळत होतं, तरी काकू म्हणायच्या, रोज करतो हो, जेवलीस का विचारल्याशिवाय झोपत नाही. ऐकणारा मान डोलवायचा. फुपीने एकदा मान डोलवली नाही. ती म्हणाली, “मग परवा मला फोन करून कशाला इचारलं त्यानं, आई जिती हाय का म्हून?” काकू हातातली पिशवी तिथेच ठेवून निघून गेल्या. ती पिशवी मी नंतर त्यांच्या दारात नेऊन ठेवली. बरेच महिने त्या आमच्या दारावरून न जाता मागच्या बोळाने बाजारात जात होत्या.

आणि तरी मला फुपी आवडायची. सलमालाही आवडायची, हे सांगितलं पाहिजे. ती आमच्या केसांना तेल लावायची तेव्हा हात इतका हलका असायचा की डोळे मिटायचे. आम्हाला ताप आला की अम्मीला झोपायला पाठवून ती उशाशी बसायची. आणि तिला शब्दांचं वेड होतं. नवा शब्द कानावर पडला आणि अर्थ कळला नाही, तर ती तो सोडायची नाही. दुकानात माल घेऊन येणारे कंपनीचे सेल्समन तिला घाबरायचे ते यासाठी. कुणी ‘गॅल्वनाइज्ड’ म्हणालं की, “म्हंजी काय?” जस्ताचा थर म्हणालं की, “मग तसं म्हना की. मला येडी करू नगा.” तो खरंच समजावून सांगेपर्यंत त्याला उठू द्यायची नाही. हा तिचा स्वभावच असेल असं मला वाटायचं. त्यामागे काय होतं ते मला मी पुण्यात एम.ए. मराठी करत असताना कळलं. मी धीर करून तिला तिच्या नावाबद्दल विचारलं, आणि कांदा चिरावा तितक्या सहजपणे तिने सांगून टाकलं.

फुपी लग्न होऊन पुण्यात गेली होती. त्या घरात उर्दू वर्तमानपत्र यायचं, मुलं उर्दू शाळेत जायची. फुपी पौडच्या मराठी शाळेतली. चटका बसला की तिच्या तोंडून “आई गं” निघायचं आणि ते घर हसायचं. थोड्याच दिवसांत सासूने तिला अकरब म्हणायला सुरुवात केली. हमारी अकरब, अकरब को बुलाओ. पाहुण्यांच्या समोरसुद्धा. पाहुणे गालात हसायचे. निकाहाच्या वेळी मौलानांच्या बोलण्यात ‘अकरबा’ असा शब्द आला होता आणि त्याचा अर्थ जवळचे नातेवाईक, असं अब्बांनी तिला तेव्हाच सांगितलं होतं. त्यामुळे अकरब म्हणजे जवळची, असं तिने मानलं. माहेरी आली तेव्हा तिने मोठ्या खुशीत अब्बांना सांगितलं की सासू मला जवळची म्हणते. अब्बांनी ते बाजारात चार जणांना सांगितलं.

त्या चार जणांत आमच्या मशिदीचे इमामसाहेब होते. ते म्हणाले, असे दोन शब्द आहेत. एक अलिफने सुरू होतो, त्याचा अर्थ सर्वांत जवळचा. दुसरा ऐनने, त्याचा अर्थ विंचू. अरबांच्या तोंडात दोन्ही वेगळे ऐकू येतात, आपल्या तोंडात सारखेच. मराठीत लिहिले तरी सारखेच. त्यांनी फुपीला ती दोन अक्षरं कशी दिसतात तेवढं दाखवून ठेवलं. अलिफ म्हणजे नुसती उभी रेघ, आणि शब्दाच्या सुरुवातीचा ऐन म्हणजे उघडलेल्या तोंडासारखं वाकडं अक्षर.

फुपी सासरी परत गेली. पहिल्याच दिवशी पीठ चाळत असताना तिने नवऱ्याला बोलावलं आणि म्हणाली, माझं नाव लिहून दाखवा की. तो परातीजवळ उकिडवा बसला आणि हसत हसत पिठात बोटाने लिहू लागला. पहिलंच अक्षर वाकडं निघालं.

“मग?” मी विचारलं.

“मग काय? त्येच पीठ मळलं. रोट्या केल्या. सगळ्यांनी खाल्ल्या. सकाळी गाडी धरून पौडला आले.”

ती पुन्हा गेली नाही. नवरा एकदा न्यायला आला होता. ओसरीवर फुपी त्याला काहीतरी एक वाक्य बोलली आणि तो चहाही न घेता उठला. ते वाक्य तिने मला सांगितलं नाही, अब्बांनाही ठाऊक नव्हतं. त्याच आठवड्यात तिने घरात सांगून टाकलं की आता मला अकरब म्हणायचं. लोकांनी मागून म्हणण्यापेक्षा तोंडावर म्हणा. अब्बा सोडून सगळ्यांनी ऐकलं.

सांगून झाल्यावर तिने मला उलट विचारलं, “तू येवढी शिकतीया. आपल्यात त्याला इंचू का म्हनत्यात?” मी पुस्तकं बघून आले. मग एका रविवारी तिला सांगितलं की आपला विंचू संस्कृतातल्या वृश्चिक या शब्दावरून आलाय. बोलता बोलता माणसांनी तो घासला, प्राकृतात त्याचा आकार बदलला, आणि आपल्याकडे येईस्तोवर विंचू झाला, तुझ्या तोंडी तर नुसता इंचू. वृश्चिकाच्या मुळाशी जो धातू आहे त्याचा अर्थ तोडणं, कापणं. इंग्रजीतला शब्द ग्रीक भाषेतून आला, तिथेही काही जण त्याचं नातं कापण्याशीच लावतात, खात्री मात्र कुणी देत नाही. आणि अरबीतल्या अकरबच्या मागे काय अर्थ आहे ते इमामसाहेबांना विचारलं, तर ते म्हणाले, फार जुना शब्द आहे, विंचू म्हणजे विंचू, त्याच्या मागचं मला माहीत नाही.

फुपीने सगळं नीट ऐकून घेतलं. “म्हंजी त्यांच्यात नुसतं नाव हाय,” ती म्हणाली, “आपल्यात काम सांगितलंय. तोडनारा.” ती खूश झाल्यासारखी वाटली. त्यानंतर कुणी मला घरात पुस्तकी किडा म्हणालं, की ती त्या माणसाकडे अशी बघायची की तो विषय बदलायचा.

सलमाला स्थळ आलं ते त्यानंतरच्या वर्षी. मुलगा हिंजवडीत इंजिनिअर होता, घर पुण्यातलं. दोघांची एका लग्नात ओळख झाली होती, फोनवर बोलणं सुरू होतं, आणि आमच्या घरात सलमा गाणं गुणगुणताना पहिल्यांदा ऐकू येत होती. मुलाची आई आणि दोन मावश्या बघायला आल्या. चहा झाला, फराळ झाला. मुलाच्या आईंनी पर्समधून उर्दूतलं एक छोटं पुस्तक काढलं आणि सलमाला म्हणाल्या, जरा पढ़ के सुनाओ बेटा. सलमाला उर्दू वाचता येत नव्हतं. तिने ते मोकळेपणाने सांगितलं. त्या बाई मावश्यांकडे बघून किंचित हसल्या आणि म्हणाल्या, कोई बात नहीं, हम सिखा देंगे.

फुपी दाराशी बसली होती. ते हसणं तिने कुठल्या घरात ऐकलं होतं ते मला माहीत होतं. ती हळूच म्हणाली, “शिकवा की. पन हिला फिट आली का आधी चप्पल नाकाला लावायची, तेवढं इसरू नगा.”

सलमाला आयुष्यात कधी फिट आली नव्हती. अब्बा एकदम बोलू लागले, कुराणाची शपथ घेतो म्हणाले, डॉक्टरकडे चला म्हणाले. पण सख्खी आत्या बोलली म्हटल्यावर बापाच्या शपथेला काय किंमत राहणार? पाहुण्या अदबीने उठल्या. त्या मुलाने सलमाला नंतर दोनदा फोन केला, दुसऱ्या वेळी त्याने आईचा नाइलाज सांगितला, आणि मग फोन आला नाही. गोष्ट सगळीकडे पसरली. पुढची काही वर्षं आमच्या दारात स्थळ आलं नाही. शेवटी मारुंजीला भाड्याने राहणाऱ्या, स्वतःचा टेम्पो चालवणाऱ्या एका माणसाशी सलमाचं लग्न झालं. तो तिच्याहून पुष्कळ मोठा. माणूस वाईट नाही, पण त्या घरात सलमाचं गुणगुणणं मी कधी ऐकलं नाही.

आपण सलमाला वाचवलं, असं फुपी मनात धरून होती. मग एक दिवस बातमी आली की त्या इंजिनिअरच्या बायकोला तिच्या सासूने पुढे शिकवलं, परीक्षेला स्वतः सोबत गेली, आणि सून नोकरीला लागल्यावर आळीत मिठाई वाटली. अम्मीने ही बातमी फुपीसमोर मुद्दाम, सावकाश सांगितली. फुपी म्हणाली, “असंल.” त्या दिवशी ती जेवली नाही. सलमाने तर तिच्याशी बोलणं केव्हाच बंद केलं होतं. माहेरी आली तरी फुपी ज्या खोलीत असेल तिथून ती उठून जायची.

तीनेक वर्षांपूर्वी अब्बांनी उमऱ्याला, म्हणजे मक्केच्या यात्रेला, जायचं ठरवलं आणि बहिणीलाही न्यायचं म्हणाले. आमच्याकडे अशा प्रवासाला निघण्याआधी माणूस ओळखीच्या सगळ्यांकडे जाऊन बोललं-चाललं माफ करा म्हणून येतो. समोरचाही माफ आहे म्हणतो, गळाभेट होते, संपलं. बहुतेक जण हे दोन शब्दांत उरकतात. फुपीने ते मनावर घेतलं. ती घरोघर जाऊन कुणाला काय बोलली होती ते आधी सांगायची आणि मग माफी मागायची. विसरलेल्यांनाही तिने आठवण करून दिली. एका टेलरला तिने सांगितलं की तुझ्या बायकोला मी पळून जाशील म्हणाले होते, तेव्हा त्याला ते पहिल्यांदाच कळलं. भाजीवाली म्हणाली, “माफ हाय फुपी, पन माघारी आल्यावर पुन्यांदा सुरू करू नगा.”

शकुंतलाकाकूंकडे मी तिच्याबरोबर होते. काकूंनी तिला बोलूच दिलं नाही, गळ्यात पडून रडल्या, झालं गेलं विसरा म्हणाल्या. फुपी निघायला उठली तेव्हा काकूंनी तिचा हात धरला आणि विचारलं, “एवढं सांगा, माझं पोर खरंच तुमच्याशी बोललं होतं का त्या दिवशी? माझी चौकशी केली होती का त्यानं?”

तो फोन खोटा होता, हे फुपीचं तोंड बघून मला तिथे उभ्या उभ्या समजलं. आणि काकू इतकी वर्षं त्याच फोनवर जगत होत्या, हेही. आई जिवंत आहे का एवढं तरी पोराने विचारलं, असं धरून. मी फुपीचा दंड दाबला.

“न्हाई,” फुपी म्हणाली. “त्यानं फोनच केला न्हवता. मी खोटं बोलले. त्याची माफी मागाया आले.”

काकूंनी हात सोडला. माफ आहे, असं त्या पुन्हा म्हणाल्या, पण आवाज आतल्या खोलीतून आल्यासारखा होता. बाहेर आल्यावर मी फुपीला रागाने विचारलं की हो म्हणाली असतीस तर काय बिघडलं असतं. ती म्हणाली, “मग माफी कशाची झाली असती?”

सगळ्यात शेवटी आम्ही मारुंजीला गेलो. माझ्या गाडीतून नेलं तिला. खाली गॅरेज आणि दुकानं, वर तिसऱ्या मजल्यावर सलमाच्या दोन खोल्या. फुपीचे गुडघे गेले होते, प्रत्येक मजल्यावर ती कठडा धरून थांबत होती. सलमाने दार उघडलं, पाणी दिलं, चहा केला, बशीत बिस्किटं ठेवली. मग समोर बसली. किती वर्षांनी ती फुपीसमोर बसत होती.

फुपी म्हणाली, “मी खोटं बोलले. तुला फिट कदीच येत न्हवती. तुजं लगीन मी मोडलं.”

“का मोडलंस?” सलमाने विचारलं.

“त्या बाईचं हसू मला सहन झालं न्हाई.”

“ती माझ्यावर हसली व्हती फुपी,” सलमा म्हणाली. “मी सहन केलं व्हतं.”

फुपीने चहाचा कप हातात घेतला आणि पुन्हा खाली ठेवला. मग म्हणाली, “माफ कर.” सलमाने मान हलवली, नाही म्हणून. मी मध्ये पडले. अगं म्हण ना, ती मक्केला चाललीय, तोंडाने म्हणायला काय जातं, असं काहीबाही बोलले. फुपीनेच मला थांबवलं. ती सलमाला म्हणाली, “मनात नसंल तर म्हनू नगंस.” तिने चहा पूर्ण प्याला, कप स्वतः मोरीत नेऊन धुतला, आणि आम्ही जिना उतरलो. गाडीत ती म्हणाली की एवढ्या दिवसांत एकीनंच खरं उत्तर दिलं.

ती उमऱ्याला गेली नाही. लोकांना गुडघ्यांचं कारण सांगितलं. खरं कारण घरात सगळ्यांना माहीत होतं. अब्बा मारुंजीला जाऊन सलमाच्या हातापाया पडले, अम्मीनेसुद्धा तिला फोन केला, पण सलमा बधली नाही. शेवटी फुपीने हुकूम सोडला तेव्हा अब्बा एकटे गेले.

गेल्या वर्षी थंडीत फुपी गेली. दोन दिवस ताप आला, तिसऱ्या दिवशी सकाळी उठलीच नाही. मी आता भुकूमला राहते, तिथून पोहोचले तोवर सलमा टेम्पोतून उतरत होती. तिला कुणी आग्रह केला नव्हता, नुसतं कळवलं होतं. गुसल देणारी बाई आली, म्हणजे मयताला आंघोळ घालणारी. घरातली कोण हाताखाली येणार, असं तिने विचारलं. मी पदर खोचेपर्यंत सलमा उठून पडद्याआड गेली होती.

बोरीचा पाला घालून पाणी कोमट केलं होतं. गुसलवाली सांगत होती आणि सलमा करत होती. उजवी बाजू आधी, मग डावी. तिने फुपीचे सुजलेले गुडघे असे उचलले जणू अजून दुखत असावेत. पातळ पांढऱ्या केसांतला गुंता ती बोटांनी सोडवत होती, एकेक केस धरून, आणि गुसलवाली घाई करा म्हणाली तरी तिने घाई केली नाही. तीन वेण्या घातल्या. कापूर लावला. कफन गुंडाळताना चेहऱ्यावरची घडी तिने दोनदा उलगडून पुन्हा नीट केली. मी तांब्या धरून उभी होते.

जनाजा उचलायच्या आधी अब्बा दारात उभे राहिले. माझ्या बहिणीकडून कुणाला काही बोललं गेलं असेल तर तिला माफ करा, असं ते म्हणाले. बाहेर पुरुषांचा गलका झाला, माफ, माफ. आत बायकांनीही म्हटलं. शकुंतलाकाकू भिंतीला टेकून बसल्या होत्या, त्यांनीही म्हटलं. सलमा माझ्या शेजारी उभी होती. तिचे ओठ हलले नाहीत.

पुरुष गेल्यावर आम्ही दोघी मागे मोरीपाशी बादल्या धुत होतो. तिची बाही कोपरापर्यंत ओली होती, हातांना कापराचा वास होता. मी विचारलं, “आता तरी केलंस ना माफ?”

“न्हाई.”

“मग आंघोळ का घातलीस?”

तिने बादली पालथी घातली. “तिला दुसऱ्या कुणाचा हात चालला नसता,” ती म्हणाली. “आणि तू कुणाला सांगू नगंस, सलमानं माफ केलं म्हून.”

मी सांगितलं नाही. पण आमच्याकडे आता सगळे तसंच सांगतात. अब्बा सांगतात, अम्मी सांगते, गुसलवाली तर डोळे पुसून सांगते की पोरीने कशी माया करून आंघोळ घातली आणि सगळं माफ केलं. ऐकणाऱ्यांना बरं वाटतं, सांगणाऱ्यांनाही. सलमा समोर असली तर ती उठून पाणी आणायला जाते. म्हणून मी हे लिहून ठेवते आहे. तिने माफ केलेलं नाही.